शिलावर्तुळांतील ठेव

नागपूर शहर मागे टाकून काटोल रस्त्याने वायव्येकडे निघाले, की दहा-बारा किलोमीटरच्या आतच जुनापाणीचा माळ लागतो. विरळ झुडपे, गुडघाभर गवत, मुरमाड जमीन आणि मधूनमधून डोके वर काढणारे काळे दगड एवढेच त्याचे प्रथमदर्शनी रूप. पुरातत्त्व खात्याचा फलक नसता तर येथे थांबावे असे क्वचितच कोणास वाटले असते. मात्र फलक ओलांडून आत गेलेल्या माणसाच्या हळूहळू ध्यानात येते, की हे दगड ओळीने मांडलेले आहेत, ती ओळ वळते आहे आणि वळत वळत जेथून निघाली तेथेच येऊन मिळते आहे. वर्तुळाच्या आतील जमीन किंचित फुगीर असते आणि तिच्यावर लहान गोट्यांचा थर असतो. अशी सुमारे तीनशे वर्तुळे या परिसरात नोंदली गेली आहेत. अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भात राहून गेलेल्या, स्वतःचे नाव मागे न ठेवलेल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली ही स्मारके होत.

जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्याने नागपूरजवळच्या दगडांविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर भूगोलात आहे. नागपूरहून सिवनी, जबलपूर, सिहोरा, कटनी, रीवा असा मिर्झापूरकडे जाणारा मार्ग हा दख्खन आणि गंगेचे खोरे यांना जोडणारा फार जुना मार्ग. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकाच्या अखेरीस याच वाटेने जबलपूरपर्यंत पोहोचली. पुढे १८६१ साली इंग्रजांनी नागपूरचा प्रदेश आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत निर्माण केला, तेव्हा सिहोरा आणि जुनापाणी एकाच प्रांतात आले आणि १९५६ पर्यंत एकत्रच राहिले. सुट्टीला गावी जाताना हा सारा रस्ता आजही पायाखालचा असतो. दुसरे उत्तर लोखंडात आहे. त्याकडे ओघाने येऊच.

आमच्या एम.कॉम.च्या अभ्यासक्रमात पुराणवस्तूंचा उल्लेख आला असेल तर तो घसाऱ्याच्या प्रकरणात, 'ज्यांवर घसारा आकारीत नाहीत अशा वस्तू' एवढाच. तेव्हा पुढील मजकूर तज्ज्ञाचा नव्हे, जिज्ञासूचा समजावा.

या शिलावर्तुळांच्या शोधाची कहाणी एका मृत्यूपासून सुरू होते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालविणे हे त्यांचे काम असले तरी त्यांची खरी ओढ भूस्तरांकडे, जीवाश्मांकडे आणि गोंड लोकांच्या कथागीतांकडे होती. नागपूर भागातील खडक आणि त्यांतील जीवाश्म यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे तत्कालीन प्रमुख सर रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर ते टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहावयास गेले. परतताना गावातील शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले आणि अंधारात, पावसाने फुगलेला नाला ओलांडताना ४ सप्टेंबर रोजी बुडून मरण पावले. त्यांची टिपणे टेम्पल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालते. त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले अनेक सहकारी मला भेटले आहेत, पण हे नाव धारण करणारा गृहस्थ एका प्राचीन दफनभूमीवरून परतताना गेला, हे ठाऊक असणारा अद्याप भेटलेला नाही.

हिस्लॉप यांच्यानंतर चारच वर्षांनी, १८६७ साली, जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणी येथे उत्खनन केले. हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त. कपाशीच्या दौऱ्यावर असताना त्यांचे लक्ष दगडांकडे जाई, असे दिसते. वर्तुळातील काही शिळांवर वाटीसारखे लहान लहान खळगे मुद्दाम कोरलेले त्यांना आढळले. त्यांपैकी काही ओळीने, तर काही जोडीने कोरलेले होते. अशाच खुणा स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील प्राचीन शिळांवर असल्याचे त्यांना माहीत होते. १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या साम्याची चर्चा केली. त्या काळच्या रीतीनुसार ही वर्तुळे बाहेरून आलेल्या सिथियन लोकांची मानली गेली. आज हे मत कोणी धरीत नाही. ते खळगे मात्र जुनापाणीच्या दगडांवर तसेच आहेत. ते वर्तुळाच्या केंद्रापासून कोणत्या दिशांना पडतात हे मोजून, त्यांचा सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याशी काही मेळ बसतो काय, असा शोध अलीकडच्या काळात खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनीही घेतला आहे.

स्वातंत्र्यानंतर कामास शिस्त आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणीची तीन वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने उकलली. त्यानंतर नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९), माहुरझरी (१९७०-७२) आणि पुढे डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्यासह नायकुंड अशी एकामागून एक स्थळे हाती घेतली. हिंगण्याजवळचे रायपूर, भागीमोहरी, वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा ही नावे पुढे त्यांत जोडली गेली. माहुरझरी येथे एकविसाव्या शतकाच्या आरंभी डेक्कन कॉलेजच्या डॉ. आर. के. मोहंती यांनी पुन्हा उत्खनन केले, तेव्हा ते गाव मण्यांच्या निर्मितीचे मोठे केंद्र होते हे अधिक स्पष्ट झाले. इंद्रगोप, गोमेद, स्फटिक असे दगड घासून, भोके पाडून मणी घडविणारे कारागीर तेथे होते. काही इंद्रगोपी मण्यांवर तर रासायनिक प्रक्रियेने पांढरी नक्षी काढलेली आहे.

वर्तुळाच्या आत नेमके काय असते? बाहेरच्या कडेला मोठ्या शिळांचे कडे असते. कधी एकेरी, कधी दुहेरी. व्यास काही मीटरांपासून वीस मीटरांच्या पुढेही जातो. वर गोट्यांचा ढीग असतो आणि त्याखाली काळ्या चिकणमातीचा भराव. तळाशी माणसाची हाडे आढळतात, पण ती बहुधा तुटक आणि थोडीच असतात. देह प्रथम अन्यत्र ठेवून नंतर निवडक अस्थी येथे आणीत असावेत, असे यावरून अनुमान करतात. काही वर्तुळांत तर मानवी अवशेष मिळतच नाहीत. हाडांभोवती काळी-तांबडी मृत्पात्रे मांडलेली असतात. लोखंडाच्या कुऱ्हाडी, तासण्या, छिन्न्या, खंजीर, भाल्यांची आणि बाणांची पाती सापडतात. तांब्याच्या भांड्यांची झाकणे सापडतात, आणि त्यांतील काहींच्या शिखरावर चिमुकले पक्षी बसविलेले असतात. सोने क्वचितच मिळते. विदर्भातील कुऱ्हाडींचे एक वैशिष्ट्य अभ्यासक आवर्जून सांगतात: दांड्यावर पाते घट्ट बसावे म्हणून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या वळवून बसविलेल्या असतात. झाड तोडताना पाते निसटून जाण्याचा अनुभव ज्या लोहाराच्या गिऱ्हाइकाने घेतला असेल, त्याच्या तक्रारीवर काढलेला हा तोडगा असावा, असे आपले मला वाटते.

आणि घोडा. विदर्भाच्या या स्मारकांतील सर्वांत विलक्षण गोष्ट तीच. अनेक वर्तुळांत माणसाबरोबर घोड्याची हाडे मिळाली आहेत. माहुरझरीस घोड्याच्या मुखावर बांधावयाची तांब्याच्या पत्र्याची आभूषणे सापडली. लगामाच्या तोंडकड्या तर एकाहून अधिक ठिकाणी निघाल्या. काही हाडांवर शस्त्राच्या वाराच्या खुणा आहेत. त्यावरून धन्याच्या मृत्यूनंतर त्याच्या घोड्याचा बळी देऊन त्याला सोबत पाठविण्याची चाल असावी, असे मानले जाते. ज्या काळात घोडा ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची संपत्ती होती, त्या काळात ती अशी जमिनीत पुरून टाकणाऱ्या समाजाविषयी काय म्हणावे? लेखापालाची दृष्टी यास निव्वळ हानी म्हणेल. परंतु मृताच्या नावे केलेला खर्च हा जिवंतांच्या प्रतिष्ठेचाही खर्च असतो, हे लग्नकार्य आणि उत्तरकार्य यांसाठी कर्ज मागावयास येणाऱ्या ग्राहकांशी बोलणाऱ्या अधिकाऱ्यास निराळे सांगावयास नको.

आता लोखंड. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंड आहे. तेथे दफनभूमीबरोबर वस्तीचेही अवशेष मिळाले आणि वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. मातीच्या वक्र विटांची वर्तुळाकार रचना, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या, आणि भोवती पसरलेली धातुमळी. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा ठरतो. वर्तुळांतील शस्त्रे दुरून आणलेली नव्हती, ती येथल्याच खनिजातून, येथल्याच कोळशावर तयार झाली, हे त्या भट्टीने सिद्ध केले. याच स्थळांवर गहू, जव, तांदूळ, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणेही मिळाले. म्हणजे हे लोक निव्वळ घोडेस्वार भटके नव्हते, ते शेतीही करीत होते.

सिहोऱ्यात बसून हे वाचताना वेगळेच वाटते. सिहोरा, गोसलपूर आणि अगरिया या पट्ट्यातील टेकड्या लोहखनिजाच्या आहेत. येथील लाल मातीने भरलेले डंपर आमच्या गावातून आजही जातात. एकोणिसाव्या शतकात भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाने या खनिजाची पाहणी केली, तेव्हा जबलपूर जिल्ह्यात देशी पद्धतीच्या लहान भट्ट्या चालू होत्या. अगरिया हे नाव केवळ गावाचे नाही. मध्य भारतात मातीच्या भट्टीत, साल वृक्षाच्या कोळशावर, पायाने भाता चालवून लोखंड गाळणाऱ्या जमातीचेही तेच नाव आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचे देव लोहासुर, अग्यासुर, कोयलासुर, म्हणजे लोखंड, अग्नी आणि कोळसा. कारखान्यांचे स्वस्त लोखंड आल्यावर आणि जंगलातील कोळशावर कर व निर्बंध बसल्यावर त्या भट्ट्या एकेक करून विझल्या. नायकुंडचे लोहार आणि सिहोऱ्याकडील अगरिया यांचे रक्ताचे नाते जोडण्याचा मोह टाळलेला बरा. दोघांमध्ये अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. पण मातीची लहान भट्टी, नळी, भाता आणि मळी ही कृती मात्र ओळखीची वाटते. वर्तुळातील कुऱ्हाड समजून घ्यावयाची असेल तर एल्विन यांचे पुस्तक उपयोगी पडते, एवढे खात्रीने म्हणता येईल.

सिहोऱ्याजवळ आणखी एक संरक्षित दगड आहे. बहोरीबंदच्या बाजूस रूपनाथ येथे सम्राट अशोकाचा लघुशिलालेख कोरलेला आहे. हा भाग पूर्वी सिहोरा तहसिलीत मोडत असे, आता कटनी जिल्ह्यात आहे. या लेखात राजाचे नाव नाही, 'देवांचा प्रिय' एवढाच उल्लेख आहे. तरीही अक्षरे आहेत म्हणून आपण त्याला जाणतो. जुनापाणीच्या लोकांनी अक्षर मागे ठेवले नाही. त्यांच्याविषयी जे काही कळते ते केवळ वस्तूंच्या मांडणीवरून. मडके डोक्याशी होते की पायाशी, कुऱ्हाड कोणत्या बाजूस होती, घोड्याचे तोंड कोणीकडे होते, गोट्यांचा थर आधी पडला की मातीचा, हीच त्यांची लिपी आहे.

म्हणूनच शिलावर्तुळाचे खरे मूल्य त्यातील वस्तूंमध्ये नसून त्या वस्तू जागच्या जागी असण्यात आहे. कुऱ्हाड संग्रहालयात ठेवता येते, पण तिची जागा एकदा बिघडली की पुन्हा मांडता येत नाही. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर निदान काही व्याज तरी मिळते. येथे मुद्दलही जाते. गुप्तधनाच्या आशेने रात्री उकरलेले वर्तुळ, बांधासाठी शिळा उचललेले वर्तुळ, मुरमासाठी खोदलेले वर्तुळ आणि नांगराच्या खोल फाळाखाली आलेले वर्तुळ या सर्वांची गत एकच. आमच्याच मार्गावर, सतना जिल्ह्यात, भरहुतचा प्रसिद्ध स्तूप होता. कनिंगहॅम १८७३ साली तेथे पोहोचले तेव्हा गावकऱ्यांनी घरांसाठी त्याचे बहुतेक दगड नेलेले होते. उरलेले कठडे कोलकात्याच्या संग्रहालयात नेऊन वाचविले गेले. भरहुतच्या दगडांवर शिल्पे होती, लेख होते, तरी ते टिकले नाहीत. साध्या अनगड गोट्यांच्या ढिगाची काय कथा?

जुनापाणीची वर्तुळे कायद्याने संरक्षित आहेत. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ हा त्याचा आधार. या कायद्याशी बँकेचा संबंध काय, असे पूर्वी मलाही कोणी विचारले असते तर उत्तर सुचले नसते. परंतु संबंध आहे, आणि तो दरमहा आपल्या टेबलावर येऊ शकतो. १९९२ च्या अधिसूचनेने आणि पुढे २०१० च्या दुरुस्तीने असे ठरले, की संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून सर्व दिशांना १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र राहील. तेथे नवे बांधकाम होऊ शकत नाही. १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती करावयाची तरी परवानगी लागते. त्यापुढील २०० मीटर हे विनियमित क्षेत्र. तेथे बांधकाम करता येते, परंतु सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची अनुमती मिळाल्यावरच. उल्लंघन झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

समजा, एखाद्या ग्राहकाने वाढत्या शहराच्या कडेला, गावठाणाबाहेर एक भूखंड घेतला. खरेदीखत नोंदलेले आहे, सातबारा स्वच्छ आहे, वकिलांचा तीस वर्षांचा शोध अहवाल निर्वेध आहे, अकृषिक परवानगी आहे. गृहकर्जाच्या अर्जात कोठेही उणीव दिसत नाही. आता पलीकडच्या माळावर दगडांचे एक कडे आहे आणि ते केंद्रीय यादीतील संरक्षित स्मारक आहे, ही गोष्ट 'इतर हक्क' या रकान्यात नोंदलेली असेलच असे नाही. मध्य प्रदेशात खसऱ्याच्या नकलेत ती असेलच असेही नाही. मालकीहक्क शंभर टक्के खरा असतो, पण घर बांधता येत नाही. आयुष्याची पुंजी घातलेल्या ग्राहकास हे पाया खोदल्यावर कळणे आणि अर्ज भरतानाच कळणे यांत किती अंतर आहे, ते सांगावयास नको. तारण म्हणून त्या भूखंडाचे मूल्य काय उरते, हा प्रश्न तर आपला स्वतःचाच. म्हणून स्थळपाहणीस गेलेल्या अधिकाऱ्याने आसमंतात निळा फलक आहे काय हे पाहावे आणि शंका आल्यास पुरातत्त्व विभागाच्या मंडळ कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. रूपनाथच्या शेजारचा भूखंड असो की जुनापाणीच्या, नियम एकच.

शेतीकर्जाच्या बाबतीत याच कायद्यातील एक तरतूद मला फार समंजस वाटते. संरक्षित क्षेत्राच्या आत जमीन खाजगी मालकीची असली तरी तेथे बांधकाम, खाणकाम, उत्खनन, सुरुंग यांना मनाई आहे. शेतीला मात्र मनाई नाही, अट एवढीच की मशागतीसाठी पृष्ठभागापासून एक फुटाहून अधिक खोल खणू नये. म्हणजे ज्वारी पेरावी, हरभरा घ्यावा, गुरे चारावीत. विहीर, शेततळे किंवा खोल नांगरट मात्र तेथे नको. कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्यास स्मारकाचा शत्रू मानलेले नाही, हे यावरून दिसते. शेततळ्याचा किंवा विहिरीचा प्रस्ताव मंजूर करताना गट क्रमांकाबरोबर हाही प्रश्न विचारला गेला, तर शेतकऱ्याची फजिती टळेल आणि वर्तुळही वाचेल.

नांगरताना काही सापडलेच तर काय करावे, हेही ग्राहक विचारतात. त्यासाठी १८७८ चा गुप्तनिधी कायदा आजही अस्तित्वात आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची, जमिनीत दडलेली कोणतीही वस्तू सापडल्यास ती काय आहे, अंदाजे किती किमतीची, कोठे आणि कोणत्या तारखेस सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करावी किंवा तिच्याविषयी जामीन द्यावा, अशीही तरतूद आहे. दहा रुपयांची मर्यादा १८७८ ची आहे, तेव्हा आज त्यातून एखादे मडकेही सुटणार नाही. याशिवाय १९७२ चा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार आणि परदेशी निर्यात नियंत्रित करतो. तेव्हा वस्तू जागची न हलविणे आणि तलाठ्याला किंवा पटवाऱ्याला सोबत नेऊन जागा दाखविणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

अडचण आहे ती यादीबाहेरच्या वर्तुळांची. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आणि पलीकडे छत्तीसगडमधील करकाभाटसारख्या ठिकाणी अशी स्मारके विखुरलेली आहेत. त्यांतील थोडीच केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षणाखाली आली. उरलेली शेतांच्या बांधांवर, गायरानात, झुडपी जंगलात आणि नव्या रस्त्यांच्या आखणीत उभी आहेत. त्यांना फलक नाही, कुंपण नाही, १०० मीटरचे कवच नाही. ती आजवर राहिली ती बव्हंशी दोन कारणांनी: त्या मुरमाड उंचवट्यावर पीक चांगले येत नसे, आणि तेथील दगड हलवू नये अशी गावात धारणा असे. कोणी तेथे शेंदूर लावला, कोणी नवस बोलले. आता यंत्राला मुरमाड उंचवटा सपाट करावयास अर्धा दिवस पुरतो आणि शहराच्या कडेची जमीन पिकासाठी विकत घेतली जातच नाही. तेव्हा पहिले कारण संपले. दुसरे किती दिवस पुरेल, हे त्या त्या गावावर आहे. माझ्या मते गावाच्या नकाशावर ही स्थळे ग्रामपंचायतीने स्वतःच नोंदवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी अनुदान लागत नाही. ग्रामसभेचा एक ठराव आणि गट क्रमांकांची एक यादी लागते. ती यादी शाखेकडे असली तर कर्जप्रस्ताव तपासताना आम्हालाही उपयोगी पडेल.

ज्यांना प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असेल त्यांनी नागपुरात आल्यावर प्रथम मध्यवर्ती संग्रहालयात जावे. 'अजब बंगला' या नावाने सर्वांस परिचित असलेले हे संग्रहालय १८६३ साली, म्हणजे हिस्लॉप गेले त्याच वर्षी स्थापन झाले. त्यानंतर काटोल रस्त्याने जुनापाणीस जावे. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत गवतात वर्तुळे हरवून जातात. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून बसते आणि दगडांचे कडे पूर्ण दिसते. एका ढिगाऱ्यावरून दुसऱ्यावर चढत जाऊ नये, वर्तुळाच्या बाहेरून फिरावे, आणि आठवण म्हणून एखादा गोटा खिशात टाकू नये. वाटीसारखे ते खळगे दुपारच्या उन्हात शोधून सापडत नाहीत. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास ऊन तिरपे असते, तेव्हा प्रत्येक खळग्यात थोडी सावली साठते आणि दगडावरची ओळ आपोआप दिसू लागते.